चौदा नंबरचं फो

दोन वर्षं मी त्या हॉटेलात एकच वाक्य बोलत होतो. ‘नंबर फोर्टीन, स्मॉल.’ मेन्यूकार्ड उघडायचं नाही, नाव उच्चारायचं नाही, चुकायची भीती नाही. सात-आठ मिनिटांत मोठा वाडगा समोर यायचा. मी खायचो, पैसे द्यायचो आणि ऑफिसच्या कॉलसाठी परत गाडीत बसायचो.

हॉटेल सॅन होजेमध्ये आहे, स्टोरी रोडपासून गाडीनं पाच मिनिटांवर. दुकानांची एक बैठी रांग आणि समोर पार्किंग. एका टोकाला लाँड्री, मग नेल सलोन, मग टॅक्सचे फॉर्म भरून देणारा एक गृहस्थ आणि मग हे हॉटेल. आत बारा टेबलं. प्रत्येक टेबलावर चॉपस्टिक्सचा डबा, कोंबड्याचं चित्र असलेली तिखट सॉसची बाटली, आणि काळ्या गोडसर सॉसची दुसरी बाटली. गल्ल्यामागच्या भिंतीवर मेरीची तसबीर, तिच्या शेजारी पिवळा झेंडा, त्यावर तीन लाल पट्टे. आजच्या व्हिएतनामचा झेंडा लाल आहे आणि त्यात पिवळी चांदणी आहे, एवढं मला गुगलमुळे माहीत होतं. मग हा कुठला, हे विचारायचं मात्र दोन वर्षांत सुचलं नाही. जेवण बारा डॉलरला मिळत असेल तर माणूस भिंतीकडे बघत नाही.

मेन्यूवर एक ते तेरा नंबर सगळे बीफचे. पातळ कच्चे काप, शिजवलेले काप, चरबीवाले काप, शिरा, वजडी, आणि या सगळ्यांची वेगवेगळी मिश्रणं. चौदावा चिकनचा. मी अमरावतीचा. घरी बीफ कधी आलं नाही आणि इथे येऊन खावंसंही वाटलं नाही. यात श्रद्धा कमी आणि सवय जास्त. म्हणून चौदा.

मालक सत्तरी ओलांडलेले. एका पावसाळी दुपारी हॉटेलात मी एकटाच होतो. ते समोर येऊन बसले आणि विचारलं, ‘‘तू कायम चिकनच का घेतोस?’’ मी कारण सांगितलं. ते हसले. म्हणाले, ‘‘म्हणजे तू सोमवार-शुक्रवारवाला.’’

मला वाटलं, मी सोमवारी आणि शुक्रवारी येतो असं त्यांना म्हणायचंय. तसं नव्हतं. गोष्ट १९३९ सालची होती, हनोईची. तेव्हा व्हिएतनामवर फ्रेंचांचं राज्य होतं आणि सोमवारी व शुक्रवारी बाजारात बीफ विकलं जात नसे, असं सांगतात. फोवाले त्या दोन दिवशी काय करणार? काहींनी गाडा बंद ठेवला. काहींनी कोंबडी उकळून बघितली. रोजच्या गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली, ‘हे काय फो आहे?’ म्हणून. पण दोन दिवस उपाशी राहण्यापेक्षा बरं म्हणून खाल्लं आणि हळूहळू आवडायलाही लागलं. मी दोन वर्षं जे खात होतो, ते अशा नाइलाजातून आलेलं होतं. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी वाचायला बसलो.

मुळात बीफ हेच तिथे नवं होतं. लाल नदीच्या खोऱ्यातल्या भातशेतीत बैल आणि रेडे नांगराला लागायचे. कामाचं जनावर कापून खाणं शेतकऱ्याला परवडणारं नव्हतं. मांस म्हणजे डुक्कर, कोंबडी, बदक, मासे. हे चित्र आपल्याला समजायला जड जाऊ नये. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच सैनिक आणि अधिकारी उत्तर व्हिएतनाममध्ये येऊन बसले, त्यांना जेवायला स्टेक हवं होतं. जनावरं कापली जाऊ लागली. चांगलं मांस साहेबाच्या ताटात गेलं आणि हाडं उरली. हाडं स्वस्त होती, कारण ती कुणालाच नको होती.

रस्त्यावर तेव्हा एक जुना पदार्थ विकला जायचा, रेड्याच्या मांसाचा रस्सा आणि तांदळाच्या शेवया. विकणाऱ्यांनी त्या रश्शात गाईची हाडं घातली, तासन्‌तास उकळली. हनोईच्या आग्नेयेला २०२५पर्यंत नाम दिन नावाचा प्रांत होता. तिथलं वान कू हे गाव फोचं जन्मगाव असल्याचा दावा करतं, आणि त्या गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हनोईत जाऊन फो विकत आली आहेत. नाम दिन शहरात फ्रेंचांची मोठी कापड गिरणी होती. गिरणी म्हटलं की पाळी आली, पाळी सुटली की भूक आली, आणि भूक आली की फाटकाबाहेर कुणीतरी गरम काहीतरी घेऊन उभं असतं. आपल्या गिरणगावाची गोष्ट ऐकलेल्या कुणालाही हे नवं नाही.

फोवाला कावड घेऊन फिरायचा. कावडीच्या एका टोकाला पेटत्या निखाऱ्यांवर रश्शाचं पातेलं, दुसऱ्या टोकाला शेवया, वाडगे आणि मांस. आख्खं हॉटेल खांद्यावर.

नावाबद्दल दोन मतं आहेत. एक म्हणतं, फ्रेंच ‘पो-तो-फ’ या मांस-भाज्यांच्या उकडीतल्या शेवटच्या ‘फ’वरून फो आलं. पुरावा म्हणून सांगतात की फ्रेंच लोक त्यात कांदा करपवून घालतात आणि फोमध्येही कांदा आणि आलं विस्तवावर भाजून घालतात. मला हे काही पटत नाही. कांदा भाजून रश्शात घालायला फ्रेंच लागत असतील तर आमच्या विदर्भात ते कधी येऊन गेले? दुसरं मत असं की शब्द चिनी ‘फन’वरून आला, म्हणजे तांदळाच्या शेवया. १९३१च्या एका व्हिएतनामी शब्दकोशात हीच व्युत्पत्ती दिलेली आहे. मी शब्दकोशाच्या बाजूनं.

मसाल्याचं मात्र आपल्या घराशी थेट नातं आहे. फोच्या रश्शाचा जो वास दारातूनच येतो, तो बादियान आणि दालचिनीचा. बादियान व्हिएतनामच्या उत्तर टोकाला, चीनच्या सीमेवरच्या लांग सोन प्रांतात पिकतं, आणि भारत त्याचं मोठं गिऱ्हाईक आहे. आई गोडा मसाला करताना परातीत जी चांदणीसारखी टरफलं मोजून टाकते, ती बहुतेक त्याच डोंगरातून आलेली. दोन वर्षं मला त्या रश्शात घरचं काहीतरी लागत होतं आणि मी ते होमसिकनेसच्या खात्यात टाकत होतो.

आता १९५४. इथून मालकांची स्वतःची गोष्ट सुरू होते, त्यामुळे त्यांना काय हाक मारायची हे आधी सांगतो. व्हिएतनामी भाषेत ‘मी’ आणि ‘तू’ असे साधे शब्द रोज वापरत नाहीत. समोरचा नात्यानं आणि वयानं कोण, ते ठरवायचं आणि मग त्याला काका, दादा, ताई, आजी म्हणायचं, आणि स्वतःला पुतण्या किंवा धाकटा भाऊ. मी त्यांना इंटरनेटवर शिकलेलं ‘चू’ म्हटलं. त्यांनी लगेच विचारलं, ‘‘तुझे वडील किती वर्षांचे?’’ मी म्हटलं, एकोणसाठ. ‘‘मग मी चू नाही, बाक.’’ चू म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, बाक म्हणजे थोरला. अमरावतीकडे आम्ही वडिलांच्या थोरल्या भावाला मोठे बाबा म्हणतो. तर ते बाक.

बाक नाम दिन प्रांतातले, कॅथलिक. जन्म १९५१. ते तीन वर्षांचे असताना जिनिव्हात करार झाला आणि सतराव्या अक्षांशावर देशाचे दोन तुकडे झाले. उत्तरेत हो ची मिन्ह यांचं कम्युनिस्ट सरकार, दक्षिणेत अमेरिकेच्या पाठिंब्याचं. कुणाला कुठे राहायचं ते ठरवायला तीनशे दिवसांची मुदत दिली. त्या मुदतीत आठ लाखांहून जास्त माणसं उत्तरेतून दक्षिणेला गेली, त्यात मोठा भाग कॅथलिकांचा. या कराराची अंमलबजावणी नीट होतेय का हे बघायला तीन देशांचं आंतरराष्ट्रीय मंडळ नेमलं होतं, भारत, कॅनडा आणि पोलंड. अध्यक्षपद भारताकडे. म्हणजे हायफाँग बंदरात बोटीत चढणाऱ्या माणसांच्या तक्रारी ऐकण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यात आपली माणसं होती. फाळणीला तेव्हा सातच वर्षं झाली होती. त्यातल्या एखाद्या भारतीय अधिकाऱ्याला त्या बंदरावर उभं राहून काय वाटलं असेल, हे मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही.

बाकचे वडील सायगॉनला पोचले आणि त्यांनी जे येत होतं ते केलं, फो विकायला बसले. सगळ्याच उत्तरवाल्यांनी थोड्याफार फरकानं हेच केलं आणि दक्षिणेत फो खऱ्या अर्थानं पसरलं ते तेव्हा. पण दक्षिणेची जीभ वेगळी. तिकडे हवा गरम, जमीन सुपीक, पाला मुबलक, जेवण गोडसर. उत्तरेचं फो साधं, रस्सा नितळ, वर पातीचा कांदा, बस्स. दक्षिणेच्या गिऱ्हाइकाला शेजारी ताट हवं, मोड आलेले मूग, लिंबाची फोड, मिरच्या, सब्ज्याच्या रोपाची जांभळट देठांची पानं, वर गोड काळा सॉस. आज जगभरच्या व्हिएतनामी हॉटेलात वाडग्याबरोबर जे हिरवं ताट येतं, ते दक्षिणेचं. बाक ते ताट देतात, कारण गिऱ्हाईक मागतं. पण त्यांच्या चौदा नंबरवर लिंबाच्या झाडाची पानं केसासारखी बारीक चिरून भुरभुरलेली असतात. ती उत्तरेची खूण. मी दोन वर्षं ती पानं चॉपस्टिकनं बाजूला काढून ठेवत होतो. बाकनी हे पाहिलेलं होतं. तसं त्यांनी सांगितलंही.

इकडे उत्तरेत काय चाललं होतं? न्गुएन त्वान हे हनोईचे मोठे ललितलेखक. त्यांनी १९५७मध्ये फोवर एक लांबलचक लेख लिहिला. बीफशिवाय फो हे त्यांना मान्य नव्हतं, म्हणजे माझी ऑर्डर ऐकून त्यांनी मान फिरवली असती. देश क्रांतीत असताना वाडगाभर शेवयांवर इतकं प्रेमानं लिहिणं काही पक्षवाल्यांना खटकलं. पुढे युद्ध आलं, रेशन आलं, खासगी गाडे जाऊन सरकारी फोची दुकानं आली. तिथे रस्सा मिळायचा, शेवया मिळायच्या, मांस नसायचं. साठच्या दशकात अमेरिका उत्तरेवर टेहळणीसाठी विनावैमानिक विमानं पाठवत होती, ज्यांना आज आपण ड्रोन म्हणतो. हनोईकरांनी त्या बिनमांसाच्या फोचं नाव ठेवलं ‘बिनपायलटचं फो’. रांगेत उभ्या असलेल्या कुण्या उपाशी माणसाला हे सुचलं असणार. आजही हनोईत हा शब्द समजतो.

आणि सायगॉनमध्ये फो बिन्ह नावाचं एक छोटं दुकान होतं. बिन्ह म्हणजे शांती. खाली अमेरिकन सैनिकही येऊन फो खायचे. १९६८च्या तेत, म्हणजे चांद्र नववर्षाच्या सणात, कम्युनिस्टांनी दक्षिणेतल्या शहरांवर एकाच वेळी जो मोठा हल्ला केला, त्यातला सायगॉनचा हुकूम याच दुकानाच्या माडीवरून सुटला. मालक न्गो तोआय पकडले गेले. आज ते दुकान स्मारक म्हणून दाखवतात. ही गोष्ट मी मोठ्या उत्साहानं बाकना सांगायला गेलो, नवीन काही वाचलं की मी असाच जातो. ते तेव्हा सतरा वर्षांचे होते आणि त्याच शहरात होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि टेबल पुसलं. ‘‘त्या तेतमध्ये आमच्या गल्लीतली चार घरं जळली,’’ एवढंच म्हणाले. त्यानंतर मी त्यांना गोष्टी सांगणं कमी केलं आणि विचारणं वाढवलं.

मधेच एक सांगायचं राहिलं, एकतीस नंबर, ‘का री गा’. चिकन करी आणि बरोबर पाव. हा पदार्थ तिथे कसा गेला याचं उत्तर पाँडिचेरीत आहे. पाँडिचेरीही फ्रेंचांची आणि सायगॉनही फ्रेंचांचं, त्यामुळे तमीळ माणसं कारकुनीला, पोलिसात, व्यापाराला सायगॉनला गेली. शहराच्या मध्यभागी त्यांनी बांधलेलं मारिअम्मनचं देऊळ अजून आहे आणि तिथे आज मुख्यतः व्हिएतनामी भाविक येतात. करीत नारळाचं दूध आणि गवती चहा आहे, चव आपली म्हणावी तर नाही. पण पाव बुडवून खायची पद्धत मिसळवाल्याला परकी वाटणार नाही.

३० एप्रिल १९७५. सायगॉन पडलं. त्या वर्षात सव्वा लाखाहून जास्त व्हिएतनामी अमेरिकेत आले. त्यांना आधी चार लष्करी तळांवर ठेवलं, त्यातला एक कॅलिफोर्नियातला कँप पेंडलटन. सरकारचं धोरण असं की हे लोक एका जागी साठू नयेत. म्हणून चर्चला आणि कुटुंबांना प्रायोजक करून त्यांना देशभर पांगवलं. पण कुणाचा मेहुणा कॅलिफोर्नियात, कुणाला बर्फ सोसेना, कुणाला माशाचं सॉस मिळेना. काही वर्षांतच माणसं आपापली गाडी घेऊन परत एकमेकांजवळ आली. आज व्हिएतनामबाहेर कुठल्याही एका शहरात नसतील एवढे व्हिएतनामी सॅन होजेत आहेत, एक लाखाहून जास्त.

शेजारचं नेल सलोनही याच गोष्टीतलं. १९७५मध्ये सॅक्रामेंटोजवळच्या निर्वासित छावणीत टिपी हेड्रन ही अभिनेत्री मदतीला जायची. हिचकॉकच्या ‘द बर्ड्‌स’ची नायिका. बायकांना तिच्या नखांचं कौतुक वाटलं, म्हणून तिनं आपली मॅनिक्युरिस्ट आणून वीस जणींना काम शिकवलं. अमेरिकेतल्या नेल सलोनच्या धंद्यात व्हिएतनामी बायका एवढ्या का, याचं मूळ तिथे शोधतात.

बाक पंचाहत्तरच्या लाटेत नव्हते. सैन्यात ते साधे शिपाई होते, त्यामुळे नव्या राजवटीनं त्यांना काही दिवसांत सोडलं. थोरला भाऊ अधिकारी होता, तो ‘पुनर्शिक्षण’ छावणीत सहा वर्षं. १९७९मध्ये बाक बोटीनं निघाले. १९७५ ते १९९५ या वीस वर्षांत अशी जवळपास आठ लाख माणसं समुद्रमार्गे कुठल्या ना कुठल्या किनाऱ्याला लागली. हजारो लागलीच नाहीत. बाकची बोट मलेशियाच्या पुलाऊ बिडोंग बेटाला लागली. बोटीतल्या दिवसांबद्दल त्यांनी मला काही सांगितलेलं नाही आणि मी विचारणार नाही.

टेबलावरची कोंबड्याची बाटलीसुद्धा बोटीतूनच आलेली. डेव्हिड ट्रॅन १९७८मध्ये हुय फाँग नावाच्या मालवाहू जहाजातून निघाले, तीन हजारांहून जास्त माणसांबरोबर. हाँगकाँगनं ते जहाज आठवडेच्या आठवडे बंदरात घेतलं नाही. पुढे लॉस एंजेलिसमध्ये १९८०ला त्यांनी मिरचीच्या सॉसची कंपनी काढली आणि तिला जहाजाचं नाव दिलं. कोंबडा त्यांच्या जन्मवर्षाचा प्राणी. ती श्रीराचाची बाटली मी अमरावतीला भेट म्हणून नेली होती. तिच्यावर जहाजाचं नाव आहे हे तेव्हा मला कुठे माहीत होतं.

सॅन होजेत बाक आणि त्यांच्या पत्नी दोघंही इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात लागले. सिलिकॉन व्हॅली म्हटलं की गॅरेजमध्ये कंपनी काढणाऱ्या पोरांचे फोटो दाखवतात. सर्किट बोर्डवर भाग बसवणारे, डाग देणारे, तपासणारे हात ऐंशीच्या दशकात मोठ्या प्रमाणात आशियाई निर्वासित बायकांचे होते. कित्येकजणी उरलेलं काम घरी न्यायच्या आणि नगावर पैसे घ्यायच्या. बाकच्या पत्नीनं अकरा वर्षं ते केलं. स्वयंपाकघरात डाग द्यायची, त्याच ओट्यावर स्वयंपाक. मी या गावात नोकरी करतो ती ज्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, तिच्या पायात हे आहे, आणि कंपनीच्या ओरिएंटेशनच्या स्लाइड्समध्ये ते नव्हतं.

१९९४ला हॉटेल काढलं. मेन्यूला नंबर दिले, कारण अमेरिकन गिऱ्हाइकाला स्वर जमत नाहीत. व्हिएतनामीत एकाच अक्षराचा सूर बदलला की अर्थ बदलतो. नंबरांमुळे माझ्यासारख्यांची सोय झाली आणि नावं तशीच राहिली, न उच्चारलेली.

नावावरून आठवलं. ही बाब मला सगळ्यात उशिरा कळली आणि सगळ्यात जास्त अस्वस्थ करून गेली. २००७मध्ये सॅन होजेच्या नगरपरिषदेनं स्टोरी रोडच्या साधारण मैलभर पट्ट्याला व्हिएतनामी बाजारपेठ म्हणून अधिकृत नाव द्यायचं ठरवलं. बहुसंख्य लोकांना ‘लिटल सायगॉन’ हवं होतं. परिषदेनं मत दिलं ‘सायगॉन बिझनेस डिस्ट्रिक्ट’ला. ते सुचवणाऱ्या मॅडिसन न्गुएन स्वतः व्हिएतनामी, निर्वासित कुटुंबातल्या, परिषदेवर निवडून आलेल्या पहिल्या व्हिएतनामी. आणि मग शहरात आग लागली. नगरपरिषदेसमोर शेकडो लोक. ली टाँग नावाचे दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलाचे जुने वैमानिक उपोषणाला बसले, जवळपास महिनाभर. मार्च २००८मध्ये परिषदेनं नाव मागे घेतलं. न्गुएन यांना परत बोलावण्यासाठी पुढच्या वर्षी मतदानही झालं, त्यात त्या टिकल्या.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. दोन्ही नावांत सायगॉन आहे, मग भांडण कशाचं? आपल्याकडे चौकाच्या नावावरून मोर्चे निघतात, त्यातलाच प्रकार, असं मनात आलं. बाकना हे बोलून दाखवलं नाही, पण विचारलं, ‘‘तुम्ही गेला होता?’’

‘‘रोज. हॉटेल बंद करून.’’

‘‘का?’’

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, की ते ज्या गावात जन्मले तिथे त्यांचं घर नाही. ज्या शहरात वाढले त्याचं नाव १९७६मध्ये बदललं, आता नकाशात हो ची मिन्ह सिटी लिहितात. ज्या झेंड्याखाली त्यांचा भाऊ लढला तो झेंडा कुठल्याच देशाचा नाही. ‘लिटल सायगॉन’ हे नाव पळून आलेल्या माणसांनी ठेवलेलं आहे. ‘बिझनेस डिस्ट्रिक्ट’ हे दुकानदारांचं नाव आहे. ‘‘आम्ही इथे धंदा करायला आलो नव्हतो. धंदा नंतर करावा लागला.’’

त्यांच्या मुलीला हे पटत नाही. ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, क्लाउडमध्ये काम करते, शनिवारी गल्ल्यावर बसायची. ती म्हणाली, ‘‘बाबांनी त्या महिन्यात जेवढं गिऱ्हाईक घालवलं ना, तेवढ्यात माझी एक टर्मची फी निघाली असती.’’ तिचंही चूक नाही. ती हनोईला फिरून आलीय, तिथलं फो तिला इथल्यापेक्षा आवडलं. हे तिनं वडिलांना अजून सांगितलेलं नाही. मला सांगितलं.

मी एच-वन-बीवर आहे. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर परत जायचं. गेल्या वर्षी आमच्या टीममधून सहाजण गेले तेव्हा मी बाककडे बसून फार रडगाणं गायलं होतं. मलाही उखडल्यासारखं वाटतं वगैरे. त्यांनी विचारलं, ‘‘परत गेलास तर तिथे घर आहे?’’ मी म्हटलं, हो. ‘‘आईवडील?’’ हो. ‘‘गावाचं नाव तेच आहे?’’ त्यांनी चेष्टेनं विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. त्यांनी आतून आणखी एक वाडगा आणून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

या मार्चमध्ये हॉटेल बंद झालं. भाड्याचा करार संपला, जागामालकानं नवा आकडा सांगितला, बाकचे गुडघे गेलेत, मुलीला चालवायचं नाही. यात कुणी खलनायक नाही. मोठ्या पातेल्याखालचा गॅस पहाटे पाचला पेटवायचा असतो, आणि क्लाउडवाल्या मुलीनं तो पेटवावा असं बाकनाही वाटत नाही. या गावातली अशी कित्येक हॉटेलं गेल्या काही वर्षांत याच कारणानं मिटली आहेत. जागेवर आता बबल टीचं दुकान येतंय.

शेवटच्या आठवड्यात मी गेलो आणि ठरवलं, आज नंबर सांगायचा नाही. घरी यूट्यूब बघून सराव केला होता. बसलो, लिंबाच्या पानांसकट खायचं ठरवलं आणि अगदी आत्मविश्वासानं म्हटलं, ‘‘बाक, फो गा.’’

ते थांबले. मग एवढे हसले की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. माझे दोन्ही सूर चुकले होते. ‘फो’चा सूर खाली जाऊन वर यायला हवा, मी तो सरळ वर नेला, त्याचा अर्थ होतो रस्ता. ‘गा’चा सूर खाली पडायला हवा, तर कोंबडी. मी तो सपाट ठेवला. सपाट ‘गा’ म्हणजे रेल्वे स्टेशन, फ्रेंच ‘गार’वरून आलेला शब्द, रेल्वे त्यांनीच आणली म्हणून. बाकनी बिलाच्या मागे दोन्ही लिहून दाखवलं, खुणा वेगवेगळ्या देऊन.

‘‘तू स्टेशन रोड मागवलास,’’ ते म्हणाले आणि आत ओरडून बायकोला सांगितलं.

त्या हात पुसत बाहेर आल्या. दोन वर्षांत मी त्यांना स्वयंपाकघराबाहेर फारसं पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, ‘‘कुठल्या स्टेशनचा?’’

मी म्हटलं, ‘‘बडनेरा.’’